गावपळणीतलं शेवटचं घर

आमच्या गावाला दर तीन-चार वर्षांनी पळून जायची सवय आहे. पूर नाही, साथ नाही, कुणाचं भांडण नाही. भात घरात आलं, मळे मोकळे झाले की देवाला कौल लावायचा, उजवा कौल मिळाला की दिवस ठरवायचा, आणि अख्ख्या गावाने घरं बंद करून तीन रात्री वेशीबाहेर राहायला जायचं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या डालग्यात बसून जातात, मांजरं पोत्यातून जातात आणि वाटभर कुरकुरतात. गावात जीव म्हणून ठेवायचा नाही. का, असं विचारलं तर प्रत्येक घर वेगळी गोष्ट सांगतं. कुणी म्हणतं, या दिवसांत देव स्वतः गावातून फिरतो, त्याला वाट मोकळी हवी. कुणी दबक्या आवाजात भुताखेतांची नावं घेतं. मी कट्टा गावच्या हायस्कुलात मराठी शिकवते. तिथले सहकारी मला दर वेळी हवापालट, स्वच्छता अशी शास्त्रीय कारणं ऐकवतात. मी मान डोलावते. मला गावपळण म्हटलं की फक्त माझा धाकटा भाऊ मंगेश आठवतो.

यंदा पुन्हा उजवा कौल मिळाला. आईने माळ्यावरून जुन्या साड्या खाली टाकल्या. बाहेर झोपडी उभारली की आडोशाला साड्याच लागतात. त्यांत एक निळी निघाली, कडेला लोखंडी हुकात अडकून फाटलेली. ती मागच्या गावपळणीची. ती हातात धरून मी बराच वेळ पडवीत बसले. आई आतून विचारत होती, निवडून झाल्या का गो साड्या? परसातून मोहराचा वास येत होता. हा वास लोकांना आनंद देतो म्हणे. मला त्या वासाने एकटं वाटतं.

मंगेश पडला तेव्हा वैशाख संपत आला होता. घरामागच्या कलमावर शेवटचे थोडे आंबे उरले होते, आणि शेवटचे आंबे नेहमी शेंड्याला असतात. हातात घळ, म्हणजे आंबे उतरवायची लांब काठीची जाळी, घेऊन तो चढला. लहानपणापासून त्या झाडाची फांदी न् फांदी त्याच्या ओळखीची होती. आई चुलीपाशी होती. तिने आवाज ऐकला आणि तिला वाटलं, फणस पडला. ती हे अजून सांगते, आणि प्रत्येक वेळी तितक्याच अविश्वासाने सांगते, जणू फणस असता तर काय बिघडत होतं.

मग गोव्याचं हॉस्पिटल. डॉक्टर बाबांना हिंदीतून समजावत होते, बाबा मान हलवत होते. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीशी त्यांनी मला हळूच विचारलं, कमरेच्या खाली आता काहीच नाही काय? मी होय म्हटलं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, पेला धुऊन ठेवला आणि पुन्हा आत गेले. नंतर मंगेशला लांबच्या एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथे तो पुष्कळ शिकला. पलंगावरून फळीवरून घसरत खुर्चीत कसं यायचं, बसल्या बसल्या हातांवर शरीर उचलून कातडीला कसा आराम द्यायचा, नळी घालून लघवी स्वतःची स्वतः कशी करायची. मी भेटायला गेले तेव्हा तो लांबलचक व्हरांड्यात दुसऱ्या एका पोराशी चाकाच्या खुर्चीची शर्यत लावत होता. हरला, आणि मोठ्याने हसला. तिथे सगळेच चाकांवर होते.

घरी आल्यावर ते सगळं थांबलं. त्याने पडवीतला पलंग आतल्या खोलीत हलवायला लावला आणि खिडकी बंद करून घेतली. चाकाची खुर्ची कोपऱ्यात उभी राहिली आणि घरातल्या कुठल्याही रिकाम्या खुर्चीचं जे होतं तेच तिचं झालं. तिच्यावर कपडे साचायला लागले. बाबांनी घरापुढच्या खळ्यात पोफळीचे वासे रोवून दोन्ही बाजूंना हात धरायला कठडे केले, पायांना पट्ट्या बांधून त्यांत उभं राहायचा सराव करावा म्हणून. मंगेशने ते पाहिलेसुद्धा नाहीत. थोड्या दिवसांनी आईने त्यांच्यावर गोधड्या वाळत घातल्या.

सुरुवातीला माणसं खूप येत. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून च्यक च्यक करत, कुणाच्या तरी मेव्हण्याला केरळात कसा गुण आला ते सांगत, आईने केलेला चहा पीत आणि जाताना दारात मंगेशला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणत, तरणो पोर हो. मी त्यांना मनात काय काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही. शेवटी शाळेत शिकवते मी. मग ती यायची थांबली. तेव्हा कळलं की ती आली तरी राग येतो आणि नाही आली तरी राग येतो. शाळेत सगळे विचारायचे, भाऊ कसा आहे? मी कशी आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. स्थळं येत होती तीही यायची बंद झाली, आणि मला त्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती.

कारण काम फार होतं. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खुबे निरखायचे, कुठे लालसर दिसलं की पुन्हा पुन्हा बघायचं. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर मी त्याचे पाय हलवायचे. गुडघा दुमडायचा, सरळ करायचा, घोटा फिरवायचा. ज्याचा पाय त्याची मदत नसेल तर पाय किती जड असतो, हे मला माहीत नव्हतं. मंगेश तोवर आढ्याकडे बघत राही. पूर्वी हा मुलगा बोलून बोलून डोकं खायचा. आता मी शाळेतल्या गमती सांगायचे, तो ऐकायचा की नाही देव जाणे, आणि हळूहळू मीही सांगेनाशी झाले. घरात आम्ही चौघं होतो आणि चौघंही एकेकटे होतो.

कुडाळहून फिजिओ यायचा, तरुण, स्पष्ट बोलणारा. एक दिवस त्याने आम्हाला परसात बोलावून सांगितलं की हातांत ताकद आहे, शिकायचं ते तो शिकलाय, पण घराबाहेर पडत नाही तोवर माझा काही उपयोग नाही. या खोलीत असाच पडून राहिला तर एखादी जखम चिघळेल, ताप येईल आणि तेवढंच पुरेसं होईल. आई आत निघून गेली. मी त्याला स्कूटरपर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, तो बाहेर कसा पडेल? त्याने हेल्मेट चढवलं आणि म्हणाला, ते मला नाही सांगता येणार.

त्यानंतर कौल मिळाला आणि गावपळण ठरली.

देवस्थानाचे एक वडीलधारे मानकरी घरी आले. भले गृहस्थ. म्हणाले, मुलाला हलवणं कठीण असेल तर देवापुढे गाऱ्हाणं घालून तेवढ्यापुरती मोकळीक मागू, देव समजून घेतो. बाबा जमिनीकडे बघत राहिले. आई मात्र उसळली. सगळा गाव बाहेर आणि आपला मुलगा तेवढा आत, हे तिला अभद्र वाटत होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून मंगेशचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता.

"माका हयच रवांदे. तुमी जावा."

मानकरी गेल्यावर मी त्याच्यापाशी जाऊन बसले. त्याला विचारलं, एकटा काय करशील इथे? तो आढ्याकडे बघूनच म्हणाला, "गाव रिकामो झालो काय माका एकदा रस्त्यार जावक व्हया, बाय. कोण बघूक नाय तेव्हा."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्याला काहीतरी हवं होतं. घरी आल्यापासून त्याला काहीही नको होतं. पाणी नको, भाजी नको, रेडिओ नको, माणूस नको. मी धावत जाऊन चुलीपाशी सांगितलं. आई म्हणाली, देवाची रीत मोडून कशी चालेल? मी म्हटलं, मग त्याची इच्छा मोडायची? आमचं चांगलंच जुंपलं. बाबा तेवढा वेळ सुपारी कातरत होते. कातरून झाल्यावर ते एवढंच बोलले, "सगळ्यांका फुडे जावंदेत. आपण अखेरीक जावया."

दुपारी देवळात नौबत झडते, आणि त्यानंतर गावात माणूस दिसायचं नाही, अशी रीत. लोक सकाळपासूनच निघतात. सगळे गेल्यावर आणि नौबत होण्याआधी मधला जो वेळ असतो, त्यात गाव रिकामा असतो. तो वेळ मंगेशचा. रीतही मोडणार नव्हती आणि त्याला कुणी बघणारही नव्हतं. मला बाबांचं इतकं कौतुक वाटलं की मी त्यांना दुसऱ्यांदा चहा करून दिला.

त्या सकाळी बाबा गाय घेऊन पुढे गेले, झोपडी उभारायला. आम्ही तिघं मागे. एकेक आवाज गावातून जाताना ऐकू येत होता. आधी गुरांच्या घंटा गेल्या. मग पोरांचा गलका, टेम्पोत चढवलेल्या टोपांचा खणखणाट, शेजारच्या गंगूकाकीचा सगळ्यांवर ओरडणारा आवाज. मग कुलपं. एक, मग थोड्या वेळाने दुसरं, मग लांबवर कुठेतरी शेवटचं. त्यानंतर जे उरलं ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कोंबडा नाही, कुत्रा नाही, कुणाचं खाकरणं नाही. माडांच्या झावळ्या हलत होत्या तेवढ्याच. आईने चुलीतले निखारे विझवले आणि देव्हाऱ्याला हात जोडले. मी खुर्चीवरचे कपडे काढले, धूळ पुसली. मंगेश फळीवरून घसरत खुर्चीत आला. धडपडला, पण आला. पायऱ्यांवर बाबांनी फणसाची लांब फळी टाकून ठेवली होती. मी मागे धरायला गेले तर म्हणाला, फाटसून ये, पण ढकलू नको.

मी मागून चालले. आई माझ्याही मागे, डोक्यावर गाठोडं घेऊन. मातीत चाकं रुतत होती, त्याचे तळहात लाल झाले होते. दोन्ही बाजूंना बंद दारं. कुणाच्या तरी दोरीवर विसरलेला टॉवेल, दुकानाच्या ओट्यावर उपडा ठेवलेला डबा. परसाच्या वळणावर तो थांबला. तिथून ते कलम दिसतं. बाबा ते तोडायचं म्हणत होते, आई तिकडे बघतही नसे. मंगेशने मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं.

"औंदा मोहर बरो इलो हा," तो म्हणाला.

तो पुढे निघाला आणि आता जरा भरभर चाकं फिरवू लागला. उतारावर त्याने हात सोडून दिले. मी धावले, पण तो हसत होता. माझ्याकडे बघून नव्हे, असाच, रस्त्याकडे बघून.

आणि मग तिठ्याचं वळण आलं, खाडीवरचा पूल दिसला, आणि पुलापलीकडे सगळा गाव दिसला.

आता विचार केला की कपाळाला हात लावावासा वाटतो. गाव रिकामा होतो म्हणजे गाव नाहीसा होत नाही. तो वेशीपलीकडे मळ्यात झोपड्या बांधत असतो, आणि रस्ता तर तिथेच जातो. शिवाय शेवटी कोण राहिलंय म्हणून सगळे त्या रस्त्याकडेच डोळे लावून असतात. आम्ही मुलाला कुणी बघू नये म्हणून त्याला बरोबर सगळ्यांच्या नजरेसमोर आणून उभा केला होता. चार शहाणी माणसं आम्ही, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

मंगेश थांबला. त्याच क्षणी मागे देवळात नौबत सुरू झाली. आता मागे फिरता येत नव्हतं. पुढे माणसांची रांग उभी, कामं थांबवून बघत असलेली. त्याची मान खाली गेली. सकाळपासून पहिल्यांदा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ते डोळे मला अजून दिसतात. मी खुर्चीला हात लावला. तो म्हणाला, नको. मग चाकं धरली आणि तो पुलावर चढला. पुलाच्या मध्यावर त्याला दम लागला, तो थांबला, पुन्हा निघाला. मला वाटत होतं, कुणीतरी आता च्यक च्यक करणार आणि माझा भाऊ पुन्हा कधी खोलीबाहेर येणार नाही.

पुलाच्या टोकाशी गंगूकाकी कमरेवर हात ठेवून उभी होती. काखेत कोंबडी.

"इतको उशीर? सकाळधरना तुमची जागा धरून ठेवलंय. भांडान भांडान घसो बसलो माझो." मग तिने मंगेशकडे पाहिलं. "तुजे हात मोकळे आसत मा? धर हिका."

आणि कोंबडी त्याच्या मांडीवर टाकून ती झोपडीची झापं बांधायला निघून गेली. कोंबडीने फडफडून आकांत केला. मंगेशने तिला दोन्ही हातांनी दाबून धरलं. रांग पांगली, लोक आपापल्या कामाला लागले.

तीन दिवस तो त्या मळ्यात राहिला. सगळ्यांच्या भिंती साड्यांच्या होत्या. मानकऱ्यांना आंघोळीला आडोसा लागत होता तसा मंगेशला नळीसाठी लागत होता. निळ्या साडीआड काय चाललंय याची कुणाला पर्वा नव्हती, कारण प्रत्येकाची स्वतःची कुठलीतरी साडी फडफडत होती. कुणाला मीठ कमी, कुणाचं सरपण ओलं. पोरं त्याच्या खुर्चीच्या फेऱ्या मागत होती. तो तिसऱ्या दिवशी माझ्याशी इतकं बोलला की माझं डोकं दुखायला लागलं. परतीचा कौल लागू नये, देवाने अजून एक रात्र थांबवावं, असं मला मनापासून वाटत होतं. कौल लागला. गाव घरी गेला, दारं उघडली, मग पुन्हा बंद झाली, आणि पुन्हा कुणाला कुणाचं पडलेलं नव्हतं.

पण मंगेश त्यानंतर रोज रस्त्यावर जायला लागला. सगळं सरळ झालं असं नाही. माकडहाडाला जखम झाली, महिनाभर पालथा पडून राहिला. कठड्यांत उभा राहिला आणि पडला, आई त्या दिवशी जेवली नाही. बाबांच्या त्या कठड्यांना मात्र अखेर कामाला लावलं त्याने. मग वेंगुर्ल्याला एका रोपवाटिकेत काम मिळालं, आंब्या-काजूची कलमं बांधायचं. टेबलाशी बसून करायचं काम, आणि हात त्याचे आता भारी तयार. तिथेच तळमजल्यावर खोली घेतली. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली. लोक म्हणतात, पोर स्वतःच्या पायावर उभं राहिलं, आणि मग जीभ चावतात. मंगेशला त्याचं हसू येतं.

ज्यासाठी आम्ही सगळी खटपट केली ते झालं. आणि मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण तो गेल्यापासून माझ्या घरी बारा महिने गावपळण आहे. त्याची खोली उघडी असते, खिडकीही. शाळेतून आले की हात आपोआप पदराला पुसले जातात, त्याचे पाय हलवायचे म्हणून, आणि मग करायला काही नसतं. मी आनंदात आहे, हे खोटं नाही. मला एकटं वाटतं, हेही खोटं नाही. तो फोनवर विचारतो, बाय, जेवलंस? मी म्हणते, जेवले. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही.

यंदा येशील का, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाला, सुट्टीचं कठीण दिसतंय. मी म्हटलं, बरं.

काल आई-बाबांना शेजारच्या टेम्पोतून पुढे पाठवलं. कुलूप लावून येते म्हटलं. खरं तर मला तो रस्ता एकटीला हवा होता. कुलपांचे आवाज ऐकत मी ओसरीवर बसले. शेवटचं कुलूप लागलं, मग मी आमचं लावलं आणि निघाले. परसाच्या वळणाशी थांबले. मोहर यंदा विरळ आहे, अर्ध्या फांद्यांना नुसती पालवी. हे कुणालातरी सांगावंसं वाटलं. रिकाम्या रस्त्यावर माझ्याच चपलांचा आवाज येत होता आणि तो मला नको होता. तिठ्याशी पोचले तेव्हा मागे नौबत सुरू झाली.

पुलापलीकडे गाव उभा होता. आणि पुलाच्या टोकाशी, मागच्या वेळी गंगूकाकी जिथे उभी होती बरोबर त्या जागी, चाकाची खुर्ची. स्कूटर मागे झाडाखाली लावलेली. मंगेशच्या दातांत एक दोरी, दुसरी हातात, बाजूला आमची अर्धी झोपडी उभी. मी पूल कसा ओलांडला मला आठवत नाही. त्याने दातांतली दोरी काढली.

"इतको उशीर, बाय?" मग माझ्या हातांकडे पाहिलं. किल्लीशिवाय त्यांत काही नव्हतं. "तुजे हात मोकळे आसत मा? ही दोरी धर. घट्ट धर, मी गाठ मारतंय."

मी किल्ली कमरेला खोचली आणि दोरी धरली.